ईदच्या दिवशी रोजा नसतो

मार्चमधल्या पहाटे भामरागडच्या आसपास दोन कारणांनी लोक लवकर उठतात. आमच्यासारख्या मोजक्या घरांत सहरीसाठी आणि भोवतालच्या गावांत मोहफुले वेचण्यासाठी. रात्रभर गळलेली फुले गुराढोरांच्या तोंडी जाण्याआधी टोपलीत आली पाहिजेत, म्हणून बाया अंधारातच निघतात. आमची सहरी उरकत येते तेव्हा रस्त्यावरून त्यांच्या बोलण्याचा आवाज येतो. ही वेळ मला फार आवडते. घरातली सगळी माणसे एका दस्तरखानावर असतात आणि कुणालाच कुठे जायची घाई नसते.

गेल्या आठवड्यात अशाच एका पहाटे माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने दुसरी रोटी ताटातून बाजूला काढली. मी विचारले, "काय झालं?" ती म्हणाली, "अब्बू, ही घेतली तर चारशेच्या वर जातं."

पुढे तेरा तासांचा रोजा होता. तिचे वजन तिच्या वयाला आणि उंचीला अगदी योग्य आहे. चारशेचा हा आकडा तिला डॉक्टरांनी दिला नव्हता, शाळेतही कुणी सांगितला नव्हता. तो तिने माझ्याकडून उचलला होता.

तीन वर्षांपूर्वी माझे वजन ९२ किलो होते. साखर सीमारेषेवर आली होती आणि जिना चढताना गुडघे बोलू लागले होते. डॉक्टरांनी वजन कमी करा असे स्पष्ट सांगितले. मी मोबाइलवर कॅलरी मोजण्याचे ॲप घेतले, स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणला आणि नऊ महिन्यांत १३ किलो उतरवले. त्या मोजणीला मी नावे ठेवणार नाही. तिने मला पुष्कळ शिकवले. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला सहा चहा म्हणजे दोनशेहून अधिक कॅलरी नुसत्या साखरेच्या, हे मला तोवर माहीतच नव्हते. चमचाभर तेल म्हणजे साधारण चाळीस कॅलरी, आणि आमच्या घरात भजी तळताना चमचे कुणी मोजत नाही, हेही तेव्हाच कळले.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. वजन उतरले, आता काय? मोजणी आयुष्यभर चालू ठेवायची का?

मी ठेवली. पुढची दोन वर्षे एकही घास नोंदीशिवाय गेला नाही. इफ्तारला खजूरसुद्धा काट्यावर ठेवून मग तोंडात टाकत असे. अम्मी काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. बायको मात्र एकदा म्हणाली, "मी जेवण वाढतेय की परीक्षा देतेय, तेच कळत नाही." मी हसण्यावारी नेले.

मग एकदा एका विद्यार्थ्याच्या गावी जाणे झाले. त्याच्या घरी आंबील दिली. उन्हातून आलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगले काही नाही. मी मोबाइल काढला. ॲपला पिझ्झाचे चाळीस प्रकार ठाऊक होते, पण माडिया घरची आंबील ठाऊक नव्हती आणि कोसरीचा भातही नव्हता. त्यातून तिथे रेंजही नव्हती. अंदाज बांधता येईना म्हणून मी अर्धीच प्यालो. विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारले, "सर, आवडली नाही का?" त्यांच्या घरात धान्याचा दाणा न् दाणा मेहनतीने येतो आणि मी त्यांच्यासमोर त्यातले अर्धे टाकले होते. आकडा सांभाळला, पण यजमानाचे मन सांभाळता आले नाही.

भामरागडमध्ये राहून कॅलरी हा शब्द उच्चारताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. आपल्या देशात या शब्दाने सरकारी कागदांत पाऊल टाकले ते लठ्ठपणामुळे नव्हे, तर भुकेमुळे. नियोजन आयोगाच्या कृतिदलाने १९७९ मध्ये दारिद्र्यरेषेसाठी माणशी रोजच्या २४०० कॅलरी ग्रामीण भागाला आणि २१०० शहरी भागाला धरल्या. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी मिळाव्यात, असा नियम आहे. अंगणवाडीतल्या बालकाच्या पूरक आहाराचा आकडा ५०० आहे. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळावे म्हणून महाराष्ट्राने अमृत आहार योजना आणली, तीही याच जिल्ह्यांसाठी. या सगळ्या ठिकाणी कॅलरीचा आकडा म्हणजे किमान मर्यादा आहे. याच्या खाली कुणी जाऊ नये म्हणून तो ठरवला आहे. माझ्या मोबाइलमध्ये तोच आकडा कमाल मर्यादा होऊन बसला होता. आणि माझी मुलगी जिथे राहते, तिथल्या कितीतरी मुलींनी आणखी दोन घास खावेत म्हणून सरकार आणि समाज धडपडत असताना तिने दुसरी रोटी बाजूला सारली होती.

तर मग मोजणी सरळ सोडून द्यावी? इथे घाई करून चालणार नाही. मी गेल्या पावसाळ्यात ती सोडून पाहिली. पर्लकोटेला पूर आला, पुलावर पाणी चढले, रस्ता बंद झाला, फिरणे थांबले आणि घरात चहा-भजी वाढली. चार महिन्यांत पाच किलो परत आले. आकडा सोडताना मी लक्षही सोडले होते.

हे माझ्या एकट्याच्या आळसाचे फळ नव्हते. वजन उतरलेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते आणि भूक मात्र जास्त लागते. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या एका वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे वजन पुष्कळसे परत आले होते आणि त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते. म्हणजे उतरलेले वजन टिकवणे हे उतरवण्याइतकेच, किंबहुना जास्त अवघड काम आहे. ज्यांना ते साधले, अशांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. किमान १३ किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेली हजारो माणसे त्यात आहेत. त्यांच्यातले बहुतेक जण रोज सुमारे तासभर चालतात किंवा व्यायाम करतात आणि दर चौघांपैकी तिघे आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. त्यांनी लक्ष ठेवणे सोडलेले नाही.

आपल्याकडे पाहा. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळाच जेवण्याची पद्धत मराठी घराघरांत पोहोचली. ऋजुता दिवेकर यांनी थोडे थोडे, वेळेवर आणि आपल्या मातीतले खा असे सांगितले. या दोन पद्धतींवरून घराघरांत वाद झाले. पण ताटातल्या प्रत्येक घासाचा आकडा लिहीत बसणे हा दोघांच्याही पद्धतीचा गाभा नाही. एकाने वेळेची शिस्त धरली, दुसरीने अन्नाच्या निवडीची. आपल्याच जिल्ह्यात डॉ. अभय बंग यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात आहारासोबत चालणे, ध्यान आणि मनाची शांती यांनाही तेवढीच जागा दिली आहे.

आता रमजानकडे येतो. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रोजा म्हणजे डाएट नाही. तो नियतीचा मामला आहे, वजनाचा नाही. वजन उतरवण्यासाठी धरलेला उपवास आणि रोजा यांत घड्याळ सारखे असेल, पण अर्थ वेगळा आहे. तरीही माणसाला शिस्त कशी लावावी आणि ती कुठे थांबवावी, याची जी समज रमजानच्या रचनेत आहे, तिच्याकडून मी बरेच शिकलो आहे.

रमजानमध्ये हिशेब आहे. सुटलेले रोजे मोजून नंतर पूर्ण करावे लागतात. पण या हिशेबाला शेवट आहे. २९ किंवा ३० दिवस झाले, चंद्र दिसला की संपले. ईदच्या दिवशी रोजा ठेवायला मनाई आहे. कितीही धार्मिक माणूस असला तरी त्या दिवशी त्याने खायचेच आहे. सूर्य मावळल्यावर इफ्तार लांबवणे हे पुण्य मानलेले नाही, उलट लवकर सोडण्याची शिकवण आहे. आजारी आणि प्रवासी यांना सूट आहे. जन्मभर रोज उपवास करू पाहणाऱ्या आपल्या साथीदाराला पैगंबरांनी रोखले होते. शरीराचा, घरच्यांचा, पाहुण्यांचाही माणसावर हक्क असतो, हे त्यामागचे कारण. मी शिकवणीच्या काळासाठी असलेली मोजणी जन्मभरासाठी धरून बसलो होतो आणि पाहुणचाराचा हक्क त्या गावातल्या घरात मोडून आलो होतो.

याची दुसरी बाजूही आहे. ईदनंतर सगळेच सोडून द्या, असेही नाही. शव्वाल महिन्यात सहा नफील रोजे आहेत, पुढे ज्याला जमेल त्याने सोमवार-गुरुवारचे ठेवावेत. म्हणजे मोठी शिस्त संपल्यावर तिची हलकी आठवण वर्षभर राहते. आणि पोटाचे तीन भाग करावेत, एक अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही हदीस आमच्या घरात लहानपणापासून ऐकली आहे. त्या मापाला वजनकाटा लागत नाही, मोबाइलही लागत नाही. आपल्या हिंदू मित्रांच्या घरी चातुर्मास असतो, एकादशी असते. तिथेही नेम धरण्याचा दिवस ठरलेला असतो आणि पारण्याचाही.

म्हणून माझे मत असे आहे. कॅलरी मोजणे हा अभ्यासक्रम समजावा. काही महिने नीट करावा, शिकून घ्यावे आणि पूर्ण झाला की वही मिटावी. लक्ष मात्र चालू राहू द्यावे. मी आता एवढेच करतो. शुक्रवारी सकाळी एकदा वजन करतो. रमजानमध्ये तेही नाही, कारण दिवसभर पाणी नसल्याने काटा खरे सांगत नाही. ठरलेल्या वजनाच्या दोन किलो वर गेलो तर दोन आठवडे पुन्हा लिहून ठेवतो आणि मग वही बंद. चहात साखर नाही. रोज पाऊण तास चालतो. घरात भाताची वाटी ठरलेली आहे. दुसऱ्याच्या घरी मात्र यजमान जे वाढतील ते, कसलाही हिशेब न करता.

हे सगळ्यांना लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ज्यांना डॉक्टरांनी मोजायला सांगितले आहे त्यांनी डॉक्टरांचेच ऐकावे. कुणाला मोजणीचा अजिबात त्रास होत नसेल, जेवणाची चव जात नसेल, तर त्यांनी ती खुशाल चालू ठेवावी. पण वाढत्या वयाच्या मुलांच्या कानावर हे आकडे पडू देऊ नयेत. मोठ्यांचा रोग बरा करणारे औषध लहानांच्या हाताला लागू नये म्हणून आपण ते वरच्या फळीवर ठेवतो. माझे औषध मी दोन वर्षे दस्तरखानावर उघडे ठेवले होते.

त्या पहाटे मी मुलीला उपदेश केला नाही. मी ॲप तिच्यासमोर काढून टाकले आणि चूक माझी होती, हे तिला सांगितले. एका दिवसात फरक पडत नाही. दुसरी रोटी ती अजून पूर्ण घेत नाही, अर्धी घेते. मी बघत राहत नाही, कारण बघत राहणे हेही मोजणेच झाले.

स्वयंपाकघरातला काटा मात्र फेकलेला नाही. ईदच्या नमाजेआधी फितरा द्यायचा असतो, घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरलेल्या मापाचे धान्य किंवा त्याची किंमत, म्हणजे गरिबाच्या घरीही ईदला चूल पेटावी. आमच्याकडे माणशी पावणेदोन किलोच्या आसपास गहू धरतात. आम्ही चौघे आहोत. या वर्षी ते वजन मुलगी करणार आहे. मी तिला सांगितले आहे, काटा थोडा खाली झुकला तरी चालेल, मूठभर काढून परत डब्यात टाकू नकोस.