सोफा विकू नका, मोकळी जागा विका



फर्निचरच्या धंद्यात उतरायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं. रस्त्याला लागून गाळा, आत एल आकाराचा सोफा, सहा खुर्च्यांचं डायनिंग, किंग साइज बेड, वर झुंबर. चार-पाच लाखांचा माल भरायचा आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. माझं मत अगदी स्पष्ट आहे : आज नवीन माणसाने या वाटेने जाऊ नये. हा माल ठेवायला तुमच्याकडे जागा नाही, आणि विकत घेणाऱ्याच्या घरात तर त्याहून नाही.

थोडा हिशोब करून बघू.

सोफ्याखालच्या जमिनीची किंमत

एल आकाराचा सोफा घ्या. लांब बाजू ८ फूट, आखूड बाजू ६ फूट, खोली पावणेतीन फूट. तो जमिनीवर जवळपास ३१ चौरस फूट जागा घेतो. वन बीएचकेचा हॉल समजा १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. एका सोफ्याने हॉलचा चौथा हिस्सा खाल्ला! आता त्या फ्लॅटचा दर चौरस फुटाला ८ हजार धरा. सोफ्याखाली गेलेल्या जमिनीची किंमत झाली २ लाख ४८ हजार. सोफा ३५ हजारांचा, आणि त्याच्या खालची जमीन अडीच लाखांची. तिचा हप्ता वीस वर्षं चालू.

डायनिंगचंही तेच. ५ बाय ३ चं टेबल दिसायला १५ चौरस फूट. पण दोन्ही लांब बाजूंना खुर्ची मागे सरकवायला दोन-दोन फूट सोडावे लागतात. म्हणजे झाले ३५. सोफा आणि डायनिंग मिळून ६६ चौरस फूट. अर्ध्याहून जास्त हॉल संपला. मग मे महिन्यात मामा-मावशी, त्यांची पोरं आली की काय होतं? टेबल भिंतीला सरकवायचं, टीपॉय गॅलरीत टाकायचा, आणि आमरस-पुरीची पंगत शेवटी सतरंजीवरच बसते.

म्हणून मी म्हणतो, छोट्या घराचं गिऱ्हाईक खरं तर फर्निचर मागत नसतं. त्याला त्याची जमीन परत हवी असते. दुपारी बारा माणसं जेवावीत, रात्री सहा जणांना अंथरूण पडावं, आणि सोमवारी सकाळी हॉल पुन्हा मोकळा दिसावा. हे जो देईल त्याला गिऱ्हाईक पैसे मोजेल.

मॉडर्न म्हणजे नेमकं काय?

'मॉडर्न फर्निचर' म्हटलं की आपल्याला चकचकीत लॅमिनेट आणि सोनेरी पाय आठवतात. पण मॉडर्न फर्निचरचा इतिहास बघितला तर तो जागा वाचवण्याचाच आहे. ऑस्ट्रियातल्या मिखाएल थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ सालची. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे मोजके सुटे भाग आणि स्क्रू. अशा ३६ खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात बसायच्या आणि जगभर जायच्या. आयकियाने १९५६ मध्ये टेबलाचे पाय सुटे करून सपाट खोक्यात माल विकायला घेतला. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याच कंपनीचं दुकान नवी मुंबईत उघडलं.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याकडे हे होतंच की. जेवताना मांडायचा आणि नंतर भिंतीला उभा करायचा पाट. सकाळी गुंडाळायची वळकटी. कॅनव्हासची घडीची आरामखुर्ची. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कॉटखालच्या ट्रंका आणि वरचा पोटमाळा. त्या खोलीत आठ माणसं राहायची, कारण प्रत्येक वस्तू काम झालं की बाजूला व्हायची. फ्लॅट आला, शोकेस आली, आणि ही अक्कल आपण 'जुनाट' म्हणून काढून टाकली. माझ्या मते पुढच्या काळातलं सगळ्यात स्टायलिश फर्निचर म्हणजे याच गोष्टी, फक्त चांगल्या फिनिशमध्ये आणि आजच्या मापात.

सुरुवात चारच वस्तूंनी करा

पन्नास डिझाइनचा कॅटलॉग नको. चार वस्तू घ्या, त्या अशा करा की लोक नाव घेऊन विचारत आले पाहिजेत.

पहिली, भिंतीला लावायचं घडीचं टेबल. साधारण ४ बाय २ फूट. एरवी भिंतीला चिकटलेलं, जेवताना किंवा लॅपटॉपसाठी उघडायचं.

दुसरी, एकावर एक बसणारी स्टुलं. सहा स्टुलांची चळत कोपऱ्यात दीड बाय दीड फुटात उभी राहते, म्हणजे सव्वादोन चौरस फूट. सहा खुर्च्यांचं काम तेवढ्यात. बसण्याची उंची १७-१८ इंच ठेवा, म्हणजे आजीलाही उठता येतं.

तिसरी, पेटीचा बाक. ४ फूट लांब, १६ इंच रुंद, दीड फूट उंच. वर तिघं बसतात, आत पाहुण्यांच्या चादरी-पांघरुणं. झाकणाला हळू बंद होणारी बिजागरी लावा, लहान मुलांची बोटं वाचतात.

चौथी, गॅलरीसाठी घडीच्या दोन खुर्च्या आणि छोटं टेबल. उन्हाळ्यात संध्याकाळी लोक हॉलपेक्षा गॅलरीत आणि गच्चीवर जास्त बसतात. पन्हं, कैरीची डाळ, गप्पा. इथे रेक्झिनची गादी घामाने चिकटते आणि लोखंडी पत्रा तापतो. सुती नवारीने विणलेली बैठक हवेशीर राहते, सैल झाली तर पुन्हा ताणता येते, आणि दिसतेही झकास.

'घडीचं म्हणजे तकलादू' हा आक्षेप

काही जण लगेच म्हणतील, "सर, गिऱ्हाईक सोफाच मागतं. घडीचं फर्निचर म्हणजे स्वस्तातलं, डुगडुगणारं." आक्षेप खरा आहे. बाजारात तसाच माल भरपूर आहे. पण हाच तुमचा चान्स आहे! वस्तू भक्कम असेल तर तुमचं काम एका डेमोत होतं. उघडलेल्या टेबलावर गिऱ्हाइकाला दोन्ही हातांनी जोर देऊन बघायला सांगा.

मात्र त्यासाठी काही गोष्टी माहीत पाहिजेत.

आधी भिंत. जुन्या इमारतीत वीट असते, नव्या टॉवरमध्ये एएसी ब्लॉक किंवा सरळ काँक्रीट. एएसी ब्लॉक हलका आणि ठिसूळ असतो, त्यात साधा प्लग काही महिन्यांत सैल होतो. त्यासाठी वेगळे अँकर मिळतात, तेच वापरा. ड्रिल करण्याआधी भिंतीतून वायर किंवा पाइप गेलाय का हे विचारा. टेबलावर कुणीतरी बसणारच, असं धरूनच फिटिंग करा.

मग प्लायवूड. एमआर ग्रेडचा प्लाय, म्हणजे आयएस ३०३, हॉलमधल्या कोरड्या भिंतीला चालतो. गॅलरीत पावसाची झड येते, तिथे आयएस ७१० चा मरीन प्लाय लागतो. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पाणी तिथूनच शिरतं. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेने साधं लोखंड लवकर गंजतं, तिथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि बिजागऱ्या द्या. आणि कुठला प्लाय वापरला ते बिलावर लिहून द्या. गिऱ्हाईक ते बिल शेजाऱ्याला दाखवतं, आणि ही जाहिरात फुकट असते.

पैशाचं गणित

एका ८ बाय ४ च्या शीटमधून ४ बाय २ चे चार तुकडे निघतात. करवतीची जाडी धरून तयार माप जरा कमी ठेवा, साडेसत्तेचाळीस बाय साडेतेवीस इंच, म्हणजे चौथा तुकडा वाया जात नाही.

खालचे दर उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावातले दर घालून पुन्हा मांडा :

• प्लाय : ८८० रुपये
• दोन्ही बाजूंचं लॅमिनेट : ६०० रुपये
• एज बँड आणि गोंद : १५० रुपये
• घडीच्या ब्रॅकेटची जोडी : ७०० रुपये
• मजुरी : ६०० रुपये
• पोचवणं आणि फिटिंग : ५०० रुपये
• नंतर एखादी फेरी मारावी लागली तर तरतूद : १५० रुपये

एकूण ३,५८० रुपये. विक्री ५,५०० ला धरली तर हातात राहतात १,९२०. त्यातून भाडं, फोन, जाहिरात आणि तुमचा पगार. शेवटची ओळ बहुतेक जण धरतच नाहीत, आणि मग तक्रार आली की फोन उचलत नाहीत. तिथेच धंदा बसतो.

आता तुलना करा. ३५ हजारांचा सोफा दुकानात चार महिने पडला तर तुमचं भांडवल आणि गाळ्याचे ३१ चौरस फूट दोन्ही अडकले. घडीच्या टेबलाचे दहा पीस भिंतीला टेकून एका कोपऱ्यात राहतात, दुचाकीवरून किंवा छोट्या टेम्पोतून जातात, आणि कुठल्याही लिफ्टमध्ये मावतात. म्हणजे ज्या गुणासाठी गिऱ्हाईक पैसे देतं, तोच गुण तुमचं भाडंही वाचवतो.

आपल्यापैकी काही जण पिढीजात सुतारकाम करणारे असतील. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, आणि तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज अशी तिची रचना आहे. जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी करा. पण कर्ज मिळतंय म्हणून शोरूम थाटू नका. आधी दहा ऑर्डर, मग कर्ज.

विकायचं नसेल तर भाड्याने द्या

ही कल्पना माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. दोनशे माणसांच्या कार्यक्रमाला डेकोरेटर खुर्च्या देतो. बारा माणसांच्या डोहाळजेवणाला किंवा मुलाच्या वाढदिवसाला टेम्पो काढणं त्याला परवडत नाही. आणि छोट्या घरात वर्षातून चार वेळा लागणाऱ्या खुर्च्या ठेवायला जागा नसते. बारा स्टुलं, दोन घडीची टेबलं, दोन सतरंज्या असा एक सेट करा. एकाच वसाहतीतल्या चार-पाच सोसायट्यांपुरतं काम धरा. शुक्रवारी संध्याकाळी पोचवा, सोमवारी सकाळी उचला. वापरून आवडलं की तेच लोक विकतही घेतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे दोन सेट तुम्हाला बाजार शिकवतील, तेही शोरूमचा खर्च न करता.

या रविवारी करायचं काम

मोठ्या कंपन्या ठरलेल्या मापात माल करतात, त्यांचा दर तुम्ही मोडू शकणार नाही. पण खिडकीशेजारची ३७ इंचांची भिंत त्यांच्या मापात बसत नाही, तुमच्या टेपमध्ये बसते. ती तुमची ताकद आहे.

म्हणून या रविवारी ओळखीच्या पाच घरांत टेप घेऊन जा. विकायला नाही, फक्त मोजायला. चार प्रश्न विचारा : घरात रोज किती माणसं झोपतात? सुट्टीत किती येतात? तेव्हा कुठली वस्तू हलवावी लागते? आणि कुठली वस्तू महिनाभर कुणी वापरलेलीच नाही? उत्तरं वहीत लिहा, लिफ्टच्या दाराचं मापही घ्या.

पाच घरांची ही वही म्हणजे तुमचा पहिला कॅटलॉग. त्यातलं एकच टेबल बनवा, पहिल्या घरात लावा, आणि ते बंद केल्यावर मोकळ्या झालेल्या फरशीचा फोटो काढा. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टेबलाचा फोटो टाकण्याआधी तो फरशीचा फोटो टाका.

टेप असेल घरात कुठेतरी. शोधा, आणि लागा कामाला!