वृद्धाश्रमांची उधारी

सरकारचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि नव्या वर्षाची तरतूद प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत कित्येक महिने उलटतात, याची आता आपल्याला सवय झाली आहे. पुलाच्या कामाचा पैसा लांबला तर पूल तेवढा उशिरा होतो. वृद्धाश्रमाचे तसे नाही. तेथे जून महिन्यातही सकाळचा चहा, दुपारची भाकरी आणि रात्रीची रक्तदाबाची गोळी द्यावीच लागते. पुरवणी मागण्या मंजूर होईपर्यंत थांबा, असे ऐंशी वर्षांच्या म्हातारीला सांगता येत नाही. मग संस्था किराणा दुकानात उधारी मांडते, स्वयंपाकिणीचा पगार थकवते आणि विजेचे बिल पुढे ढकलते. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर हे सरकारला दिलेले बिनव्याजी कर्ज होय. आणि ते देणारे असतात एक वाणी व एक स्वयंपाकीण.

जालना जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १९ लाख ५९ हजार होती. ‘जालना सोने का पालना’ हे जुने वचन शहराच्या बाजारपेठेला, बियाण्यांच्या उद्योगाला आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांना आजही शोभते. परंतु त्याच जिल्ह्यातील मंठा, घनसावंगी, अंबड या भागांतून दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको कोयता घेऊन जातात आणि गावात उरतात ती म्हातारी माणसे. वृद्धांचा विषय निघाला की संस्कार लोपल्याची हळहळ व्यक्त करण्याची आपल्याकडे रीत आहे. पोटासाठी सहा महिने परमुलखात राहणाऱ्या मुलाला ती हळहळ ऐकवून काय साधणार? त्याच्या आईला दोन वेळचे अन्न आणि आजारपणात कोणीतरी जवळ हवे असते, आणि ही सोय अनेकदा एखादी लहानशी स्वयंसेवी संस्थाच करू शकते.

शासनाने या क्षेत्रात काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. साठीपुढील पुरुषांसाठी आणि पंचावन्न वर्षांपुढील स्त्रियांसाठी वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची राज्याची योजना १९६३ पासूनची आहे. १९९५ मध्ये युती सरकारने मातोश्री वृद्धाश्रम सुरू केले. केंद्राने १९९२ पासून अशा संस्थांच्या खर्चाचा नव्वद टक्क्यांपर्यंत भार उचलण्याची योजना आखली. पुढे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार वृद्धांसाठी किमान एका आश्रमाचा उल्लेख आला. मात्र तेथे शब्द आहे ‘स्थापन करू शकेल’ असा, ‘करील’ असा नव्हे. कारकुनी अनुभव असलेल्या वाचकांना या दोन शब्दांतील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही.

दोष योजनेत कमी आणि पैशाच्या वाटेत अधिक आहे. प्रस्ताव, तपासणी, लेखापरीक्षण, उपयोगिता प्रमाणपत्र, तरतुदीचे वितरण, कोषागार, अशी ती वाट आहे. यातील एकेक पायरी समर्थनीयच आहे. खोट्या पटावर अनुदान लाटणाऱ्या संस्था आपण पाहिलेल्या नाहीत असे थोडेच आहे! पण विलंबाची शिक्षा लबाड संस्थेला होत नाही, कारण तिच्याकडे जेवायला कोणी नसतेच. ती होते खरोखर चाळीस माणसे सांभाळणाऱ्या संस्थेला.

त्यात नव्या घोषणांची भर पडते. २०२४ मध्ये वृद्धांना उपकरणांसाठी एकरकमी ३ हजार रुपये देणारी वयोश्री योजना आली आणि त्याच वर्षी लाडकी बहीण योजनाही आली. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे चारशे कोटी रुपये या दुसऱ्या योजनेकडे वळविल्याबद्दल त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. तो पैसा अनुसूचित जातींच्या तरतुदीतला होता, वृद्धाश्रमांचा नव्हे. परंतु मंत्र्यालाही जो राखता येत नाही, त्या खात्याच्या भरवशावर परतूरच्या एखाद्या संस्थेने वर्षाचे धान्य कसे भरावे? नव्या योजनेचे उद्घाटन करता येते. १९६३ च्या योजनेची फीत एकदा कापून झालेली आहे.

येथे एक तुलना मनात येते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदाराने नोंदणी केली असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने त्याचे पैसे ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत. न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. ही तरतूद कितपत अमलात येते हा भाग वेगळा, पण निदान ती मागता येते. वृद्धाश्रमाला तेवढेही मागता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९८ साली सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांच्यात एक लेखी समझोता झाला. २०१० च्या सुधारित मसुद्यात, अनुदान थांबवायचे तर किमान तीन महिने आधी कळवावे, असे नमूद झाले. तो कायदा नव्हता. तरीही शब्द कागदावर होता.

आपल्याकडे निदान दोन गोष्टी जिल्हा पातळीवर होण्यासारख्या आहेत. मागील वर्षी मान्य झालेल्या पटाच्या आधारे पहिला हप्ता एप्रिलमध्येच द्यावा आणि तपासणीनंतर हिशेब जुळवावा. दुसरे, जिल्ह्यात एक फिरता निधी असावा, ज्यातून मंजुरीचा आदेश दाखविताच संस्थेला उसनवार मिळेल आणि अनुदान आल्यावर ती रक्कम परत जाईल. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशातून संस्थांचा कायम निधी उभारण्यास २०२१ पासून मनाई आहे. म्हणून या फिरत्या निधीसाठी व्यापारी आणि नागरिकांकडेच वळावे लागेल. सळईच्या उद्योगाने आपल्या दायित्वातून परिचारिकेचा पगार उचलावा. वृद्धाश्रम हा त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीतला विषय आहेच. अडचण एवढीच की पगारावर नावाची पाटी लावता येत नाही.

दानशूरांचेही थोडे चुकते. वाढदिवसाला, पितृपक्षात, दिवाळीत आश्रमात गोडाच्या पंगती उठतात आणि मधुमेही म्हाताऱ्यांना दिवसाआड श्रीखंड वाढले जाते. मे-जूनमध्ये मात्र कोणी फिरकत नाही. त्या दोन महिन्यांच्या ज्वारीचा आणि गोळ्यांचा खर्च उचलणारा दाता अधिक पुण्यवान मानला पाहिजे.

संस्थांनीही तीन महिन्यांचा खर्च शिलकीत ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी आणि हिशेब फळ्यावर लावावा. बऱ्याच ठिकाणी अनुदान अडते ते उपयोगिता प्रमाणपत्र नीट भरता न आल्यामुळे, कारण संचालक सेवाभावी असले तरी त्यांना कोषागाराची भाषा येत नाही. ती ज्यांना उत्तम येते असे निवृत्त कारकून आणि मुख्याध्यापक प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. मार्च महिन्यात आठवड्यातून दोन दुपारी त्यांनी जवळच्या आश्रमाच्या कार्यालयात बसावे.