वाघिणी, मासे आणि आमचं जेवणाचं टेबल

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण विलायतेत रेल्वेच्या काही वाघिणींना चक्क माशांची नावं दिलेली आहेत, हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. डॉगफिश, कॅटफिश, शार्क! आणि हे सगळे मासे वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलेत. तेही शाकाहारी घरात, बरं का!

त्याचं असं झालं. आमचे मामंजी रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या खात्यात होते. सासूबाई गेल्या आणि त्यांचं बोलणंच संपलं. सकाळी चहा, दुपारी पेपर, संध्याकाळी गॅलरी. विचारलं तर "हं", नाही तर तेही नाही. धाकटे दीर इंग्लंडात असतात. ते आले तेव्हा पुतण्यासाठी छोट्या वाघिणींचा एक संच घेऊन आले. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून आपण वाघीण तयार करायची. चिरंजीव दोन दिवसांत कंटाळले आणि खोका कपाटावर गेला. एके दिवशी मामंजींनी तो खाली काढला, चष्मा लावून वरचं चित्र पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ही तर खडीची गाडी!" कितीतरी दिवसांनी मी त्यांचं एक पूर्ण वाक्य ऐकलं.

या वाघिणी प्रवाशांच्या नाहीत की व्यापाऱ्यांच्या मालाच्याही नाहीत. रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्याच्या, म्हणजे रेल्वेच्या घरकामाच्या! रुळांखालची खडी, स्लीपर, खणून काढलेली माती त्यांनी वाहायची. डॉगफिशमध्ये 24 टन खडी मावायची आणि ती तळाच्या झडपांतून रुळांवर सोडायचे. मागून यायची शार्क. तिच्या खाली नांगर असायचा, तो पडलेली खडी सारखी करायचा. लांबलचक वर्णनाऐवजी तारेत एकाच शब्दात भागावं, म्हणून ही नावं पडली. कामं बहुधा रात्री नाही तर रविवारी, म्हणजे गाड्या कमी असतील तेव्हा. आपला केर आणि भांडी जशी केली तर दिसत नाहीत, राहिली तरच दिसतात, तसंच हे!

आणखी एक गंमत मामंजींनी सांगितली. या खात्याच्या वाट्याला पुष्कळदा दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या वाघिणी यायच्या. ब्रिटिश रेल्वेकडे कोळशाच्या 16 टनी वाघिणी दोन लाखांहून जास्त होत्या. कोळशाची वाहतूक घटली, नवीन वाघिणी आल्या, तेव्हा जुन्यांतल्या बऱ्याच इंजिनिअरिंग खात्याकडे गेल्या. पण खडी आणि माती कोळशापेक्षा जड. काठोकाठ भरली तर वजन झेपणार कसं? म्हणून बाजूच्या पत्र्यांना चक्क भोकं पाडली, म्हणजे कुणाला जास्त भरताच येऊ नये. आपण नाही का जुन्या नऊवारीची गोधडी करत, तसा हा प्रकार.

मामंजींना आता असलीच भोकांची वाघीण करायची होती. इथेच आमची ठिणगी पडली. टेबल एकच. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारी वह्या तपासायला मला तेच लागतं. त्यावर प्लॅस्टिकचा भुगा आणि रंगाचे डाग! दिवाळीच्या साफसफाईत मी एका डब्यातल्या प्लॅस्टिकच्या मोडक्या जाळ्या कचऱ्यात टाकून दिल्या. त्या जाळ्यांवर ब्रेकचे सगळे बारीक भाग अजून लागलेले होते, हे मला काय माहीत! मामंजी काहीच बोलले नाहीत. डबा उघडला, पाहिला, बंद केला आणि गॅलरीत जाऊन बसले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते पुन्हा गप्प झाले आणि मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी मी त्यांच्यासमोर गेले आणि म्हटलं, "मामंजी, चूक झाली. आता ते भाग कशाचे करता येतील, सांगा." बराच वेळ गेला. मग म्हणाले, "घरात जुन्या लग्नपत्रिका आहेत का?" पत्रिकेच्या जाड कागदाच्या बारीक पट्ट्या कापून, त्यांना चटकन चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब लावून कडक केलं आणि त्यांचे ब्रेक झाले! तेव्हापासून टेबलाची वाटणी झाली आहे. चारपर्यंत माझ्या वह्या, चारनंतर त्यांचा कारखाना.

तुमच्याही घरात कुणाला हौस असेल, तर आमचे अनुभव उपयोगी पडतील.

• माप : आमचा संच 1 फुटाला 4 मिलिमीटर या प्रमाणाचा आहे. खरी वाघीण 16 फूट 6 इंच, म्हणून आपली 66 मिलिमीटर.

• जागा : जुना पोळपाट कापायला आणि मसाल्याचा जुना डबा सुटे भाग ठेवायला. एका वाटीत चाकं, दुसरीत ब्रेक. काही हरवत नाही आणि फेकलंही जात नाही!

• भोकं पाडणं : आधी पेन्सिलीने चौकोन आखा. कोपऱ्यांवर हाताच्या बारीक ड्रिलने भोकं पाडा आणि मग स्टीलची पट्टी धरून कटरने कापा. एकदम दाबू नका, हलक्या हाताने आठ-दहा वेळा फिरवा. कानशीने कडा साफ करा. मुलांच्या हाती कटर मोठ्या माणसांच्या देखतच द्या.

• जोडणी : प्लॅस्टिक जोडायच्या द्रवाला उग्र वास येतो आणि तो पेट घेतो. खिडकी उघडी ठेवा, गॅसच्या शेगडीपासून दूर बसा.

• तोल : चाकं लावली की गोंद वाळायच्या आत वाघीण आरशावर ठेवा. चारही चाकं टेकली पाहिजेत. डुगडुगली तर रुळांवरून घसरलीच म्हणून समजा.

• वजन : प्रत्येक आसाला साधारण 25 ग्रॅम, म्हणजे चार चाकी वाघीण सगळी मिळून 50 ग्रॅम. लोखंडी नट आत चिकटवा. शिसं नको, विशेषतः मुलं हाताळणार असतील तर.

• रंग : पातळ थर द्या, चकचकीत रंग नको. आधीच्या काळासाठी काळा किंवा शेवाळी, 1980च्या दशकानंतरची हवी असेल तर राखाडी-पिवळा. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तपकिरी रंगात बुडवा, कागदावर टिपून घ्या आणि मग हलकेच टेकवा. हुबेहूब गंज!

• खडी : बारीक कच जुन्या गाळणीने चाळा. आत फोमचा तुकडा बसवून त्यावर पसरा. फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडा. रात्रभर वाळू द्या. ती गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका!

मागच्या रविवारी भोकांची वाघीण पुरी झाली. चिरंजीवांनी ती आरशावरून ढकलली. मी सहज म्हटलं, "एवढी भोकं पाडली, बिचारीचा निम्मा जीवच गेला." मामंजी हसले. "जीव कसला जातोय? कोळसा वाहून झाला, आता खडी वाहते. वजन तेवढं बेतानं घालायचं." मग नातवाला आपल्या नोकरीतल्या पावसाळी रात्रीची गोष्ट सांगू लागले. भात निवला, पण मी कुणालाच उठवलं नाही.

म्हणून सांगते, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डब्यात काही तुटकं-फुटकं दिसलं, तर टाकण्याआधी त्यांना एकदा विचारा. माझ्यासारखी चूक करू नका.