शुश्रूषा

या अंकाचे संपादक दर वर्षी मला आधीच बजावून ठेवतात, “प्राध्यापक, दिवाळीचा अंक आहे, काहीतरी हलकेफुलके येऊ द्या.” मीही दर वर्षी बिघडलेल्या चकल्यांची किंवा आकाशकंदील टांगताना झालेल्या फजितीची हकीकत लिहून मोकळा होतो. यंदा मात्र वाचकांची क्षमा मागून थोडे निराळे लिहिणार आहे. ऐन सणात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमच्या घरात हे सारे दिवाळीतच घडले, एवढेच त्याचे उत्तर.

गेली वीस वर्षे मी वर्गात ‘शुश्रूषा’ हा शब्द शिकवीत आलो आहे. पहिला उकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ, शेवटी पोटफोड्या ‘ष’. दहातली आठ मुले तो चुकीचा लिहितात, म्हणून मी तो मुद्दाम फळ्यावर काढतो. मग व्युत्पत्ती सांगतो. ‘जिज्ञासा’ म्हणजे जाणण्याची इच्छा, ‘पिपासा’ म्हणजे पिण्याची इच्छा, त्याचप्रमाणे ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूवरून ‘शुश्रूषा’, म्हणजे ऐकण्याची इच्छा. ज्याला गुरूचे ऐकावयाचे आहे तो गुरूजवळ राहतो, त्याचे हवे-नको पाहतो. म्हणून शुश्रूषा म्हणजे सेवा, आणि पुढे आजाऱ्याची सेवा. मुले हे उतरवून घेतात, मीही हातावरचा खडू झटकून पुढच्या शब्दाकडे वळतो. या शब्दाचा अर्थ आपल्याला येतो, अशी माझी पक्की समजूत होती.

२०१९ च्या सप्टेंबरात वडिलांना, म्हणजे अण्णांना, स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निघाले. तो फार पुढे गेलेला होता. डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला बोलावून सांगितले, “घरी न्या. महिना, फार तर दीड महिना.” मी घरी येऊन सांगितले, “पोटाला सूज आहे, औषधाने उतरेल.” आई ‘बरं’ म्हणाली, अण्णाही ‘बरं’ म्हणाले. टपालखात्यात चौतीस वर्षे नोकरी केलेला माणूस तो. बंद पाकिटात काय असेल याचा अंदाज त्यांना नसेल, असे मला कसे वाटले कोण जाणे.

एका डॉक्टर-मित्राच्या ओळखीने, घरी येऊन असे रुग्ण पाहणाऱ्या पथकातील एक परिचारिका आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. आम्ही त्यांना ‘सिस्टर’च म्हणत असू. वयाने माझ्याहून लहान, बोलणे बेताचे. पहिल्या दिवशी त्यांनी औषधांकडे पाहिलेच नाही. आधी अण्णांच्या पाठीखालून हात फिरवून चादरीची चुणी काढली. मग मला आणि पत्नीला समोर उभे करून कूस बदलावयास शिकवले. दर दोन तासांनी कूस बदलावी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये मऊ उशी द्यावी, टाचा गादीला टेकू देऊ नयेत, माकडहाडाजवळची कातडी लाल दिसली तर तिथे चोळू नये आणि लगेच कळवावे. तोंड कोरडे पडते, तर ओल्या मऊ फडक्याने ते आतून पुसावे, ओठांना थोडा स्निग्धपणा द्यावा. धाप लागली तर खिडकी उघडावी आणि चेहऱ्यावर पंख्याचा वारा घ्यावा. गालांना लागलेल्या वाऱ्याने धाप कमी वाटते.

आईचा सारा जीव भरवण्यात होता. “दोन चमचे भात तरी खा,” म्हणून ती मागे लागे. सिस्टर तिला एकदा हळूच म्हणाल्या, “आई, ते खात नाहीत म्हणून जात नाहीयेत, शरीर आवरतं घेतंय म्हणून खात नाहीत. बळेच भरवलंत तर ठसका लागेल. मागतील तेवढंच द्या.” ‘जात नाहीयेत’ हा शब्द आमच्या घरात तोवर कोणी उच्चारला नव्हता. आई काही बोलली नाही. वाटी घेऊन आत गेली.

दुखण्याचेही तसेच. मी विचारी, “अण्णा, दुखतंय का?” ते म्हणत, “थोडंसं.” सिस्टर विचारीत, “रात्री किती वाजता जाग येते? मग उजाडेपर्यंत काय करता?” अण्णा म्हणाले, “घड्याळाचे ठोके मोजतो.” तेव्हा मला कळले की ‘थोडंसं’ म्हणजे सारी रात्र. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू करावयाच्या म्हटल्यावर मीच दचकलो. अफूच ती! सवय लागली तर? सिस्टरांनी समजावले की वेदनेसाठी नीट मोजून दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची धास्ती बाळगू नये. ते दुखू लागल्यावर नव्हे, तर घड्याळ लावून दर चार तासांनी द्यावयाचे आणि बद्धकोष्ठ होते म्हणून सोबत सारक द्यावयाचे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने हे औषध मिळणे फार अवघड करून ठेवले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळ मोकळी झाली. दुसऱ्याच रात्री अण्णा सलग सहा तास झोपले. गोळी देण्यासाठी त्यांना उठवताना मला रडू आले.

आणि मग ती दुपार. कोजागरी नुकतीच झाली होती. सिस्टर रक्तदाब पाहून निघाल्या होत्या, तोच अण्णांनी विचारले, “सिस्टर, मी यातून उठणार का?” मी तत्परतेने पुढे झालो. “अण्णा, असं अभद्र काय बोलता? दिवाळीपर्यंत हिंडूफिरू लागाल!” सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढून घेतले, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटतं, अण्णा?”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णा म्हणाले, “ही दिवाळी दिसेल. पुढची नाही.”

सिस्टरांनी ‘हो’ म्हटले नाही, ‘नाही’ही म्हटले नाही. “मग मनात काय काय येतं?” एवढेच विचारले.

मला वाटले, आता देवाधर्माचे, पुनर्जन्माचे काही निघणार. अण्णा म्हणाले, “हिला बँकेतलं काही येत नाही. स्लिपसुद्धा कधी भरली नाही. या विचाराने झोप लागत नाही.”

दारात आई उभी होती. तांदूळ निवडता निवडता उठून आली होती, ताट हातातच होते. म्हणाली, “अहो, मग शिकवा की. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

अण्णांना ठाऊक होते, आईला ठाऊक होते, मला तर डॉक्टरांनीच सांगितले होते. एकमेकांना जपण्यासाठी तिघेजण एका छपराखाली तीन आठवडे खोटे बोलत होतो, आणि ज्याला जावयाचे होते तो त्या गर्दीत एकटा पडला होता.

दुसऱ्या दिवसापासून पलंगावरच शाळा भरली. पासबुक, पैसे काढण्याची स्लिप, कुटुंब-निवृत्तिवेतनाचा अर्ज, विम्याचा कागद. आईची सही दर वेळी निराळी येई. अण्णा चिडत, मग दमत, मग दोघेही हसत. वसुबारसेला त्यांनी तिच्या सहीला ‘पास’ म्हटले. लक्ष्मीपूजनाला चोपडीच्या जागी आईने पासबुक मांडले.

पुढे या विषयावर थोडे वाचले. लंडनमध्ये १९४८ साली डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला एक तरुण ज्यू कर्करोगाने मरत होता. सिसिली सॉन्डर्स ही रुग्णालयातील समाजसेविका त्याच्याजवळ येऊन बसे. मरणोन्मुख माणसांसाठी एखादे घर असावे, असे दोघे बोलत. त्याने तिला ५०० पौंड ठेवले आणि त्या घराची एक खिडकी व्हावयाचे ठरवले. आधी परिचारिका असलेल्या या बाईंनी पुढे डॉक्टरीही केली आणि १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे घर उभे राहिले. वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, घरसंसाराची, श्रद्धेचीही असते, हे त्यांनी जगाला शिकवले. अण्णांच्या वेदनेत पासबुक होते, हे मला तेव्हा कुठे समजले! मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन, पुण्यात वारज्याला १९९७ पासून कर्करोग्यांसाठीचे केंद्र, अशी घरे आपल्याकडेही झाली. कोझिकोडला १९९३ साली सुरू झालेल्या कामातून तर केरळात शेजारीपाजारीच रुग्णाकडे जाऊन बसावयास शिकले.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी अण्णांची शुद्ध हरपली. घशात घरघर सुरू झाली. सिस्टर फोनवर म्हणाल्या, “कुशीवर वळवा, तोंड ओलं ठेवा. आणि बोलत राहा, ऐकू येत असेल असं धरूनच बोला.” मला बोलावयास एक शब्द सुचेना. मराठीचा प्राध्यापक मी! आई मात्र स्टूल ओढून जवळ बसली आणि सांगू लागली, “आज एकटी जाऊन आले हो बँकेत. हजार रुपये काढले. सही एकदाच केली.” त्यांनी ते ऐकले की नाही, देव जाणे. पहाटे ते गेले.

अजूनही मी तो शब्द फळ्यावर लिहितो. ऱ्हस्व, दीर्घ, पोटफोड्या ‘ष’. व्युत्पत्ती सांगून झाल्यावर मात्र खडू ठेवतो आणि थोडा वेळ खुर्चीवर बसतो. मुलांना वाटते, सर दमले.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर त्यांच्यापुढे फराळाची बशी ठेवून उभ्याउभ्या परत फिरू नका. स्टूल ओढा, बसा. ते काही विचारतील, तर घाईने उत्तर देऊ नका.