विओलेताचा रिकामा तंबू

चिलीची लोकगायिका विओलेता पार्रा जगाला ठाऊक आहे ती दोन वाक्यांपुरती. तिने ‘ग्रासियास आ ला विदा’ हे जगण्याचे आभार मानणारं गाणं लिहिलं. आणि ते ध्वनिमुद्रित झाल्यावर काही महिन्यांतच, 5 फेब्रुवारी 1967 रोजी, वयाच्या 49व्या वर्षी तिने आत्महत्या केली. या विरोधाभासावर लेख लिहिले जातात आणि हळहळ व्यक्त होते. तिच्या प्रियकराने तिला सोडलं म्हणून तिने जीव दिला, असा निष्कर्षही सहज काढला जातो.

मला हे वाचन अन्यायकारक वाटतं. एका बाईने पन्नास वर्षांत केलेली मेहनत तिच्या शेवटच्या दिवसाखाली गाडून टाकायची, हा कुठला न्याय? तिच्या मरणाऐवजी तिच्या कामाकडे पाहिलं, तर वेगळेच प्रश्न समोर येतात.

विओलेताचा जन्म 4 ऑक्टोबर 1917चा, दक्षिण-मध्य चिलीतल्या न्युब्ले भागातला. वडील संगीतशिक्षक, आई शिवणकाम करणारी. वडील लवकर गेले. घरात भावंडं बरीच आणि पैसा नाही. मुलं बाजारात, रेल्वेत, सर्कशीत गाऊन पैसे मिळवत. पुढे राजधानी सांतियागोत आल्यावर ती बहीण हिल्दासोबत दारूच्या गुत्त्यांतून गायची. तिने रंगमंचावर काम केलं, स्पॅनिश ढंगाची गाणी गायली. श्रोत्यांना जे हवं ते द्यायचं आणि घर चालवायचं, असा तो काळ होता. रेल्वे कामगाराशी लग्न, दोन मुलं, मग विभक्त होणं, असं सगळं या धावपळीतच घडलं.

1953च्या सुमारास, पस्तिशीत, तिने वाट बदलली. कवी असलेला थोरला भाऊ निकानोर याने तिला खेड्यातली खरी गाणी गोळा करायला सुचवलं. वही आणि गिटार घेऊन ती निघाली. सांतियागोच्या आसपासच्या वस्त्यांत, शेतमजुरांच्या घरात, म्हाताऱ्या गायकांच्या आणि सुईणींच्या ओसरीवर बसून तिने शेकडो गाणी उतरवून घेतली. इसाइआस आंगुलो या जुन्या गायकाकडून ती गितार्रोन शिकली. हे 25 तारांचं वाद्य परंपरेने पुरुषांच्या हातातलं. 1954मध्ये रेडिओवर तिचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि शहराने पहिल्यांदा आपल्याच मजुरांची गाणी नीट ऐकली. तोवर शहरात ‘लोकसंगीत’ म्हणून चालत होती ती जमीनदारीच्या सुखी चित्रांची, इस्त्री केलेल्या पोशाखातली गाणी. विओलेताच्या गाण्यात भूक होती, मरण होतं, देवाशी भांडण होतं. म्हणूनच ती अनेकांना खटकली.

या गाण्यांत एक प्रकार लहान मुलाच्या मृत्यूचा आहे. बाळ गेलं की गायक रात्रभर त्याच्या देहाजवळ गात बसतात. विओलेताने ही गाणी जमवली. 1955मध्ये ती वॉर्साच्या युवक महोत्सवाला गेली असताना तिची स्वतःची तान्ही मुलगी रोसा क्लारा घरी वारली. ती लगेच परतली नाही, पॅरिसमध्ये गात राहिली. या एका गोष्टीवरून तिला आजही दोष दिला जातो. कामासाठी वर्षानुवर्षं परदेशी राहिलेल्या किती पुरुष कलावंतांना आपण बाप म्हणून असा जाब विचारला आहे? तिने त्या दुःखावर पुढे स्वतः गाणं रचलं. तिचं उत्तर त्यात आहे. आपल्याला वेगळा खुलासा मागण्याचा अधिकार नाही.

पुढे आजारपणात अंथरुणाला खिळलेली असताना तिने गोणपाटावर लोकरीने चित्रं भरायला घेतली. चित्रकलेचं शिक्षण शून्य. एप्रिल 1964मध्ये तीच चित्रं पॅरिसला लूव्रच्या इमारतीतल्या शोभाकला संग्रहालयात मांडली गेली. मात्र पॅरिसने दिलेला मान सांतियागोत कामी आला नाही.

1965मध्ये तिने सांतियागोच्या सीमेवर ला रेइना इथे मोठा तंबू उभारला. लोककलेचं विद्यापीठ उभं करायचं, गाणं, नाच, विणकाम, मातीकाम शिकवायचं, असा तिचा बेत होता. ती तिथेच राहायची. पण जागा लांब, थंडी-पावसाचे दिवस, लोक येईनात. त्याच वर्षी तिच्या मुलांनी, इसाबेल आणि आंखेल यांनी, शहराच्या मध्यभागी सुरू केलेल्या मैफलीच्या घरात तरुणांची गर्दी उसळत होती. ज्या चळवळीची मुळं तिने खणून काढली, ती चळवळ फोफावत होती आणि ती स्वतः रिकाम्या खुर्च्यांसमोर गात होती. प्रियकराचं जाणं खरं आहे. पण ही उपेक्षाही तितकीच खरी आहे. ती सांगताना समाजाला स्वतःकडे बोट दाखवावं लागतं, म्हणून प्रेमभंगाची कथा सगळ्यांना सोयीची वाटते.

ती गेल्यावर सगळं आलं. मेर्सेदेस सोसा आणि जोन बाएझ यांनी तिचं गाणं जगभर नेलं. 1973च्या लष्करी उठावानंतर तिची मुलं देशाबाहेर फेकली गेली. पिनोचेतच्या राजवटीत बेपत्ता झालेल्यांच्या आया-बहिणींनी गोणपाटावर कापडाचे तुकडे जोडून आपली व्यथा मांडली, तेव्हा गोणपाटावरची ही कला साक्षीदार झाली. आज तिचा जन्मदिवस चिलीत संगीत दिन म्हणून पाळला जातो. 2015मध्ये तिच्या नावाचं संग्रहालयही उघडलं. हे सगळं योग्यच आहे. पण यातला लहानसा वाटा 1966च्या हिवाळ्यात त्या तंबूपर्यंत पोहोचला असता तर?

लोककलावंताला ‘मातीतला’ म्हणणं सोपं असतं. त्याच्या कार्यक्रमाला तिकीट काढून जाणं, त्याच्या शाळेला छप्पर आणि पगार देणं महाग पडतं. विओलेताने म्हाताऱ्या गायकांना ते जिवंत असतानाच शोधलं, त्यांच्या पायाशी बसून शिकली, त्यांची नावं घेतली. तिच्याकडून घेण्यासारखा धडा हाच आहे. तिच्या मृत्यूचं गूढ उकलत बसण्यापेक्षा आज कुठल्या तंबूत खुर्च्या रिकाम्या आहेत, हे पाहायला हवं.