गरीब गाय

दिवाळीचा पहिला दिवा लागतो तो वसुबारसेला, गाईपुढे. आमच्या अवसरी खुर्दला ज्यांच्या दाराशी गाय आहे, त्या घरच्या बायका संध्याकाळी तिच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू वाहतात. आणि लग्नाच्या बैठकीत त्याच घरची वडीलधारी माणसे मुलीची शिफारस करतात ती अशी : "मुलगी म्हणजे अगदी गरीब गाय आहे हो!" गाय बोलत नाही, हाच तिचा मोठा गुण समजायचा.

सुनीती नामजोशी यांची गाय मात्र बोलते, आणि चांगली फटकळ बोलते. 'द कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काऊ' ही त्यांची छोटीशी इंग्रजी कादंबरी 1985 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. लेखिका 1941 साली मुंबईत जन्मलेल्या, आजोळ फलटणच्या नाईक-निंबाळकरांचे. भारतीय प्रशासन सेवेत काही काळ काढून त्या कॅनडात गेल्या आणि टोरांटो विद्यापीठात शिकवू लागल्या. कादंबरीची नायिकाही सुनीतीच. तिचे प्रेम स्त्रियांवर. पुरुषांच्या जगाशी तिने फारकत घेतलेली. ती देवीची करुणा भाकते, तो समोर उभी राहते भद्रावती नावाची गाय! तीही स्त्रियांवरच प्रेम करणारी. पुढे भद्रावती मनाला येईल ते रूप घेते. एकदा तर चक्क गोरा पुरुष होते. सुनीतीची पंचाईत अशी, की जिच्यावर जीव जडला ती नक्की कोण?

कादंबरी म्हणून वीण थोडी सैल आहे, हे कबूल केले पाहिजे. विनोद भरपूर, हुरहूर कमी. याच विषयावरचे तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक कितीतरी अधिक पकड घेते. 1981 साली ते रंगभूमीवर आले आणि रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. पण तिची गोष्ट आपल्याला सांगतो तो तिचा मित्र बापू, आणि शेवटी ती स्वतःच्या हाताने जीवन संपवते.

या नाटकाविषयी वर्गात बोलत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, मित्राला मरायलाच हवे होते का?" वर्ग हसला. ती हसली नाही.

त्या काळच्या पुण्यात तिला दुसरी वाट नव्हती, असे मी सांगितले. उत्तर नाटकाला धरून होते. पण मुलगी विचारत होती ते आजचे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. 2023 साली अशा विवाहाला मान्यता देण्याचे मात्र नाकारले. कायद्याची चर्चा वर्तमानपत्रांत होते. घरात मात्र अशी मुलगी जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसते, आणि आपल्यासारखी कोणी सुखाने जगलेली तिने ना पाहिलेली असते, ना वाचलेली.

मी तिला नामजोशींची गाय वाचायला दिली. या पुस्तकात भांडणे आहेत, रुसवे आहेत, थट्टा आहे. पण प्रेम केले म्हणून कोणाला मरावे लागत नाही. आठवड्याने पुस्तक परत करताना ती म्हणाली, "बाई, हे मराठीत हवे होते. आईला द्यायचे होते."

अनुवाद करणाऱ्या वाचकांनी हे मनावर घ्यावे. आणि ज्या आयांच्या हाती असे पुस्तक एखादे दिवशी मुलगी आणून देईल, त्यांनी ते परत करण्याची घाई करू नये. आधी वाचावे, मग तिला जवळ बसवून घ्यावे.