बाटलीचा अहवाल, विहिरीचा नव्हे

जलसुरक्षकांची या महिन्यातली पत्रे दोनच तऱ्हेची आहेत. एक : टीसीएल (ब्लीचिंग पावडर) मोजून पडते, क्लोरीनच्या ओटी चाचणीला रोज पिवळा रंग येतो, तरी अहवालावर 'पिण्यास अयोग्य'. दुसरी : जलवाहिनी गटारातून जाते हे गावातल्या पोरांनाही ठाऊक, अहवाल मात्र चकचकीत.

घोळ नमुन्याच्या बाटलीत आहे. ती सकाळी आठला भरते आणि दुपारपर्यंत ग्रामपंचायतीच्या खिडकीत उन्हाला बसते. मग पंचायत समिती. तिथे आणखी चार गावांचे नमुने जमेपर्यंत मुक्काम, कारण एका बाटलीसाठी गाडी निघत नाही. मध्ये शनिवार-रविवार आला की संपलेच. थर्माकोलचा डबा आहे, पण त्यात जुन्या पावत्या. नमुना थंड ठेवून 24 तासांच्या आत पोचवायचा, ही अट अर्थात कागदावर शाबूत!

ई. कोलाय जीवाणूला ऊब आणि खायला मिळाले तर वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. नितळ पाण्यात त्याची उपासमार होते, तो मरत जातो. गाळाच्या, शेवाळलेल्या पाण्यात कोलीफॉर्मचा संसार वाढतो. म्हणजे सकाळचे चार जीवाणू प्रयोगशाळेत चार हजार होऊन उतरतील की एकही उरणार नाही, हे विहिरीच्या नव्हे, बर्फाच्या हातात. त्यात बाटलीत सोडियम थायोसल्फेट नसेल तर क्लोरीन वाटभर आपले काम करत राहतो. नळाला जिवंत आलेले जीवाणू टेबलावर पोचतात ते मेलेले. शेरा पडतो 'योग्य'. गावाने मात्र ते पाणी सकाळीच ओंजळीने प्यायलेले असते.

पिण्याच्या पाण्याच्या मानकाला 100 मिलीलिटरमध्ये एकही ई. कोलाय चालत नाही. एवढ्या कडक परीक्षेला तीन दिवसांची कोमट बाटली बसवणे ही थट्टा आहे. जीवाणू वाढवून पाहायला एक-दोन दिवस पुरतात. अहवाल यायचा बाकीचा पंधरवडा जावक क्रमांक खातो.

आणि बाटली वेळेत पोचली तरी ती सगळे सांगत नाही. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, काहींच्या शौचनमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनाय हा जीवाणू सापडला. नेहमीची कोलीफॉर्म चाचणी त्याला शोधतही नाही. म्हणून रोजचा पहारा शेवटच्या नळाच्या लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीनचाच.

आणि त्या पहाऱ्यावर आपलेच काही भाऊबंद झोपतात. महिन्याची ओटी नोंदवही एका पेनाने, एका बैठकीत, सगळीकडे 0.2. टीसीएलचे पोते ओलसर खोलीत तोंड उघडे. क्लोरीन कधीच उडालेला, उरतो तो चुना. बाटलीच्या झाकणात आतून बोट घालणारेही आहेत. अधिकाऱ्यांना जाब विचारायचा तर आधी हे थांबले पाहिजे.

पुढच्या नमुन्यापासून बाटलीवर भरल्याची वेळ आणि ओटीचे माप लिहा. थायोसल्फेटची बाटली आणि बर्फ मिळाला नाही तर तसे लेखी कळवा, शिक्क्याची पोच घ्या. पोचेची प्रत या मासिकाकडे पाठवा. पुढच्या अंकात त्या तालुकावार छापल्या जातील.